टिंबक्टू कुणाला म्हणता?

'नालासोपाऱ्याला राहतो' म्हटलं की ऑफिसात कुणीतरी हमखास म्हणतं, "बाप रे, टिंबक्टूलाच की!" मग पाठोपाठ जगाचं टोक, काळं पाणी, आणि 'बोरिवलीच्या पुढे व्हिसा लागतो का रे?' हा शिळा विनोद. हसायचं तरी किती?

मुळात टिंबक्टूने यांचं काय घोडं मारलंय? मालीत, सहाराच्या कडेला, नायजर नदीजवळचं गाव. मिठाच्या आणि सोन्याच्या व्यापाराचं नाकं, सांकोरेसारखी विद्येची केंद्रं, घराघरांत जपलेली हजारो हस्तलिखितं. 1988 पासून जागतिक वारसा यादीत आहे ते. आणि आपण ते वापरतो कशासाठी, तर विरार लोकल चुकली म्हणून!

बरं, सोपाराही काही काल वसलेलं नाही. मुंबई सात बेटांवर विखुरलेली होती तेव्हा इथे बंदर गजबजलेलं होतं. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेव्हाच सापडला. मग आडवळणाला कोण, आम्ही की तुम्ही?

गर्दीबद्दल बोला, पाण्याबद्दल बोला, मान्य आहे. पावसाळ्यात आमच्या रस्त्यांवर होडी चालवावी लागते, ते आम्हीच आधी सांगतो. पण 'तिकडे माणसं राहतात?' असं विचारणाऱ्या दादरच्या काकू स्वतः भाजी कुठली खातात? वसईची. वसईवाली टोपली घेऊन दारात आली की मात्र वसई अगदी जवळची! आणि आमच्या घरी बारशाला बोलावलं की लगेच, "अय्या, इतक्या लांब?"