संकटात म्हणे सगळे एक होतात!

आज बडोद्यात दांडिया बाजारात सेवउसळ खाताना शेजारचे काका ठासून सांगत होते, "पैशाचं संकट आलं ना, की पुढारी राजकारण विसरतात." घास अडकला हो!

काका, २००८ आठवा. १५ सप्टेंबरला लेहमन ही बडी अमेरिकी बँक बुडाली, ४ नोव्हेंबरला अमेरिकेत अध्यक्षपदाचं मतदान. बँका वाचवायला सरकारनं संसदेकडे ७०० अब्ज डॉलर मागितले, तेही तीन पानी मसुद्यावर. २४ सप्टेंबरला अध्यक्षपदाचे एक उमेदवार मॅकेन यांनी प्रचार थांबवल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष बुशसमोर ते आणि ओबामा असे दोन्ही उमेदवार बसले आणि बैठक भांडणात संपली. २६ला मॅकेन ओबामांशी वादचर्चेला हजर! विसरले राजकारण?

२९ला प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, विधेयक पडलं, बाजूनं २०५, विरुद्ध २२८. तिथला शेअर निर्देशांक डाऊ त्या दिवशी ७७७ अंकांनी कोसळला. गोम अशी, की त्या गृहाच्या सगळ्या ४३५ जागांचं मतदान पाच आठवड्यांवर होतं, वरच्या सभागृहाच्या, सेनेटच्या, जेमतेम एक तृतीयांश जागांचं. "बँकवाल्यांना आमचे पैसे?" म्हणून मतदार फोनवर फोन करत होते. जागा डळमळीत, तो 'नाही' म्हणणारच. निवृत्त होणारे बहुतेक 'हो' म्हणून मोकळे.

मग सेनेटनं गोडधोड वाढलं. बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणारा ठेवविमा १ लाखावरून अडीच लाख डॉलर (हे चांगलंच झालं), करसवलतींचा ढीग, आणि त्यात लहान मुलांच्या लाकडी बाणांवरचा करही माफ! बँका वाचवायला बाण! तीन पानांची साडेचारशे झाली, तेव्हा कुठे ३ ऑक्टोबरला २६३ विरुद्ध १७१ नं मंजुरी.

निवडणूक नसती तर ज्यावर कोर्टातही दाद मागता येणार नव्हती तो मूळ मसुदा तसाच रेटला गेला असता, हे कबूल. बरं.

पण आपल्याकडे? सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढायची मुभा. २१ ऑक्टोबरला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान. प्रचाराच्या धामधुमीत मुंबईत ठेवीदारांनी अर्थमंत्र्यांना गाठलं. उत्तर मिळालं, गरज पडल्यास हिवाळी अधिवेशनात कायदा बदलू. ते अधिवेशन आलं नि गेलं. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अंकुश वाढवणारा वटहुकूम निघाला जून २०२०मध्ये, आणि निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतचा ठेवविमा ९० दिवसांत देण्याची दुरुस्ती झाली ऑगस्ट २०२१मध्ये. औषधपाण्याला स्वतःचेच पैसे मागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी तोवर काय करायचं होतं?

काकांवर राग नाही. त्यांना तसं वाटावं अशीच भाषणं होतात.

रावपुऱ्यात कुणी मत मागायला आला, तर "ठेवी सुरक्षित आहेत ना?" असं विचारू नका, तो हो म्हणणारच. विधेयक कुठल्या अधिवेशनात आणणार आणि ५ लाखांवरच्या रकमेचं काय, ते विचारा.