दमलेल्या पोराला आणखी कसं दमवावं

एप्रिल लागला, शाळांचं वर्ष संपत आलं. ज्यांच्या वर्गात, घरात किंवा शेजारी एखादं स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, मूल आहे, अशा तमाम हितचिंतकांसाठी हे चार शब्द. वर्षभर प्रयत्न करूनही मूल अजून पुरतं दमलेलं नसेल तर खचून जाऊ नका. शेवटचे पंधरा दिवस हातात आहेत. मनावर घेतलं तर सगळं होतं.

सुरुवात वेळेपासून करावी. ऊन वाढलं की शाळा सकाळची होते, ही सोलापुरात आयतीच सोय. जूनपासून दुपारच्या शाळेला सरावलेलं पोर एकदम पावणेसातला रिक्षात. हे आधी आठवडाभर सांगत बसायचं नाही. आदल्या रात्री साडेदहाला ग्रुपवर टाकायचं, 'उद्यापासून शाळा सकाळी सात ते अकरा, सर्व पालकांनी नोंद घ्यावी.' पालक नोंद घेतात. ज्याला जायचंय त्याला कसं समजावायचं, ते पालकांनी बघावं. त्यात रात्री दोनला लाईट गेली तर सोन्याहून पिवळं.

परीक्षेचं वेळापत्रक एकदा दिलं की निदान दोनदा बदला. सरकारही हातभार लावतं म्हणा. 2025 साली पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या होत्या. त्या उन्हात नवी पेठेतली दुकानंसुद्धा दुपारी पेंगतात, पण पोरांनी पेपर लिहावेत.

कुणी जादा वेळ मागितला तर देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला, त्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि कलम 17 मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं लिहिलेलं आहे. लिहिलेलं असू द्या. पालक झेरॉक्स घेऊन आले की ती फाईलला लावायची आणि म्हणायचं, 'वरून लेखी आलेलं नाही.' वरून म्हणजे कुठून, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

मूल स्वतःला सावरायला हात फडफडवू लागलं की त्याचे हात घट्ट धरा.

कानावर हात ठेवले की समजा, आवाज अजून पुरेसा झालेला नाही.

2 एप्रिल विसरू नका. संयुक्त राष्ट्रांनी 2007 साली ठराव करून हा दिवस जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन ठरवला. आपल्याकडे तो निळे फुगे लावून साजरा होतो. फुगे लावा, ढोल-ताशा बोलवा, ज्याच्यासाठी दिवस आहे त्याला स्टेजवर मधोमध उभं करा आणि शेवटी पोरांना फुगे फोडू द्या. फोटोत तो रडताना दिसला तर फोटो कापता येतो.

आता मुख्य सल्ला. पेपर संपल्यावर काय करायचं? इथंच बरेच जण कमी पडतात. त्यांना वाटतं, परीक्षा झाली, आता मूल मोकळं. उलट खरी संधी आत्ता असते. वर्गात जोवर तास आहेत, तोवर या मुलांना धरायला काहीतरी असतं. घंटा कधी होणार, बाई कोणत्या येणार, आपला बाक कुठला. म्हणून शेवटच्या आठवड्यात आधी तासच बंद करा. बाक हलवा. तीन तुकड्या एका हॉलमध्ये कोंबा. नेहमीच्या बाई पेपर तपासायला गेल्या की ज्या मोकळ्या असतील त्यांना बसवा. आणि या सगळ्याला 'फन डे' म्हणा.

परवा आमच्या नातवाच्या शाळेत असाच फन डे झाला. फोन आला, 'आजोबा, घेऊन जा याला.' मी स्कूटर काढून गेलो. पोरगं हॉलच्या कोपऱ्यात सतरंजीच्या गुंडाळीमागं, गुडघ्यात डोकं घालून बसलेलं. शर्ट घामानं ओला, कॉलर चावून चावून चोथा झालेली. स्पीकर चालूच. बाईंचा चेहरा खरोखरच दुखावलेला. म्हणाल्या, 'आज तर अभ्याससुद्धा नव्हता की ओ. आजच का असं करावं यानं?'

त्याच्या दप्तराला सूनबाईनं एक पट्टी शिवून दिलीय. तिच्यावर वेल्क्रोनं चिकटवलेली पाच चित्रं. प्रार्थना, वर्ग, डबा, मैदान, घर. एक झालं की काढून खिशात टाकायचं. तो फार बोलत नाही, पण या पट्टीवर त्यानं जूनपासून आख्खं वर्ष काढलं. त्या दिवशी प्रार्थना झाली नाही, वर्गाला कुलूप, मैदानावर मांडव. मग त्यानं शेवटचं चित्र उपटलं, घराचं, आणि हातात धरून बाईंसमोर जाऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, 'अरे वा, छान चित्र!' तो दुसऱ्या बाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, 'नंतर दाखव हं बाळा, आता डान्स कर.' हे मला शाळेच्या मावशींनी सांगितलं. झाडलोट करणाऱ्या मावशींना कळलं की पोराला घरी जायचंय. फोनही त्यांनीच करायला लावला. दोन्ही बाई बीएड आहेत.

अहो बाई, तो बोलत होता तुमच्याशी! दोनदा बोलला, तुमच्या तोंडासमोर चित्र धरून. याहून सरळ तुम्हाला काय हवं होतं, मुख्याध्यापकांमार्फत अर्ज? आणि 'आजच का असं करावं' म्हणजे काय? त्यानं जून ते मार्च तुमचे खडखडणारे पंखे सोसले, डब्यांचा खणखणाट सोसला, रांगेतली धक्काबुक्की सोसली. 'माझ्या डोळ्यांत बघून उत्तर दे' हेही सोसलं. आतून सगळं आवळून धरून बसला. तुम्ही प्रगतिपुस्तकावर लिहिलंत, 'वर्तनात चांगली सुधारणा.' ती सुधारणा नव्हती हो, ते दमणं होतं.

असो. सल्ले देत होतो.

घरच्यांसाठी वेगळं. शाळेतून आल्यावर पोरगं दारातच शर्ट काढून फेकतं, पलंगाखाली शिरतं आणि शहाबादी फरशीला गाल लावून पडतं. अशा वेळी लगेच विचारायचं, 'आज शाळेत काय झालं? सांग की. सांग.' जानेवारीत स्वतः बटणं लावणारा मुलगा एप्रिलमध्ये बटणाकडे नुसता बघत बसला, तर 'येतं की तुला, नाटकं नको करू' असं खडसवावं. तीन-चार पदार्थ खाणारा आता फक्त कडक भाकरीचे तुकडे खात असेल, तर ताट पुढ्यातून उचलावं, भूक लागली की खाईल बरोबर. शाळा म्हणते, 'आमच्याकडे तर शांत असतो, तुम्हीच लाडावून ठेवलाय.' शेजारी त्यावर मान डोलावतात. दिवसभर दाबलेलं जिथं सुरक्षित वाटतं तिथंच बाहेर पडतं, म्हणून तो घरी रडतो. पण एवढं समजून घ्यायला लागलो तर नाक्यावर बोलायचं कशावर?

आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत. म्हणतात, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं बघा.' होतं की अण्णा. तुम्ही त्याला येडं म्हणायचा आणि दगड मारायचा.

सुट्टी लागली की दुसऱ्याच दिवशी लग्नाला न्या. बँडच्या जवळचं टेबल बघा.

पुढच्या इयत्तेच्या बाई कोण, वर्ग कुठला, हे जूनमध्ये शाळेच्या दारातच कळू द्या. गंमत राहते.

आता हे सल्ल्याचं सोंग मला झेपेना. सरळ विचारतो. आपण सगळे सोलापूरचे. नळाला पाणी कधी येणार यावर आपलं अख्खं घर चालतं. धुणं कधी, पाहुणे कधी, आंघोळ कुणाची आधी. ते पाणी न सांगता एक दिवस पुढं गेलं की आपण काय करतो? नगरसेवकाच्या दारात जाऊन शिव्या देतो. चांगली पन्नाशीची माणसं रस्त्यावर घागरी आपटतात. कुणी आपल्याला म्हणतं का, 'नाटकं करू नका, शांत बसा, टाळ्या वाजवा'? मग आठ वर्षांच्या पोराचा अख्खा दिवस तुम्ही न सांगता उलटापालटा करता, आणि त्यानं हसत डान्स करावा?

काय मागतोय आम्ही? पैसे नाही मागत. रॅम्प नाही, मशीन नाही. शेवटच्या पंधरा दिवसांत काय काय होणार, ते एका कागदावर मार्चमध्येच लिहून द्या. बदललं तर आदल्या दिवशी शाळा सुटायच्या आत सांगा, आम्ही पट्टीवरची चित्रं बदलू. फन डेला त्याला एक तास येऊ द्या, किंवा येऊच देऊ नका, पण गैरहजेरी मांडू नका. पंखा असलेली एक रिकामी खोली उघडी ठेवा. एवढ्या मोठ्या शाळेत एक खोली नाही निघत? स्नेहसंमेलनाच्या मांडवाला पैसे निघतात. पालक सभेत 'सर्वसमावेशक शिक्षण' म्हणून तासभर बोलता, आणि पोरगं घराचं चित्र दाखवतंय ते दिसत नाही. लाज वाटायला पाहिजे. मलाही नाही, त्यालाही नाही. तुम्हाला.

1 मेला निकाल आहे. झेंडावंदनाच्या गर्दीत मी त्याला आणणार नाही. दहानंतर, मैदान रिकामं झाल्यावर येऊ. तेव्हा पुढच्या वर्षीचा वर्ग उघडून ठेवा, त्याला त्याचा बाक बघू दे. नव्या बाईंचा एक फोटो काढू द्या, पट्टीवर लावायचाय. आणि शाळेच्या मावशींना थांबायला सांगा, तो त्यांना ओळखतो.