मत्तयाचा अठरावा अध्याय उलटा वाचण्याची रीत

गावात ख्रिस्ती घरे दहा-बारा आणि बाकीचे गाव हजारावर असले, की सार्वजनिक मतभेदात आपण कसे बोलावे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. यवतमाळकडच्या आमच्या लहानशा मंडळीने या शास्त्रात बरीच मजल मारलेली आहे, आणि तो अनुभव आपल्याही उपयोगी पडावा म्हणून हा प्रपंच.

सर्वप्रथम मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उलट्या बाजूने वाचण्यास शिकावे. तेथे असे सांगितले आहे की भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जावे, त्याने न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे आणि तरीही जमले नाही तरच मंडळीला सांगावे. (हे भावाविषयी आहे, शेजाऱ्याविषयी नव्हे, अशी सोय आपल्याला आहेच.) आपण आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकावे, मग पाळकसाहेबांकरवी रविवारच्या उपदेशात नाव न घेता बोलवून घ्यावे, त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणी निवेदन द्यावे, आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्याला ते पानठेल्यावर तिसऱ्याच्या तोंडून कळेल, अशी व्यवस्था ठेवावी.

आमच्या दफनभूमीला लागून एका कास्तकाराचे वावर आहे. दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या आधी त्याने धुरा, म्हणजे शेताचा बांध, आमच्या बाजूला हातभर सरकवला, असे आमच्यातल्या एकाच्या नजरेस आले. धुऱ्याचे भांडण विदर्भाला नवे नाही. सख्खे भाऊ त्यापायी तालुक्याच्या कोर्टात म्हातारे होतात. परंतु ख्रिस्ती माणसाने धुऱ्याला धुरा म्हणणे कमीपणाचे असते, त्याला छळ म्हणावे. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर त्या कास्तकाराचा, रोमात ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा नीरो बादशहा झाला होता, आणि तो स्वतः मात्र कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांसाठी कृषी केंद्रापुढच्या रांगेत उभा होता.

ग्रामसभेत बोलायचे झाल्यास संविधानाचा अनुच्छेद 25 अवश्य काढावा, मात्र कोणते शब्द गिळायचे हे घरूनच ठरवून जावे. त्याची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून होते, शिवाय तो हक्क सर्व व्यक्तींना दिलेला आहे, म्हणजे धुऱ्यापलीकडच्या माणसालाही. एवढे वगळले की उरलेला मजकूर फार जोरदार लागतो. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी तो दहा मिनिटे म्हटला. शेवटच्या वाक्याला माझा आवाज भरूनही आला होता. त्यावर ग्रामपंचायतीच्या सचिवांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "गट नंबर किती जी, भाऊ? सातबारा आणला काय?" याचे उत्तर ना बायबलात होते ना संविधानात. ते तलाठ्याकडे होते.

भोंग्याच्या प्रश्नावर फार वेळ घालवू नये. दुसऱ्याच्या भोंग्याला ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांतले रात्रीचे दहा लागू होतात. आपल्या नाताळच्या भोंग्याला बेथलेहेमातल्या देवदूतांचे गायन लागू होते, आणि ते रात्रीच झाले होते.

एखादा वडीलधारा मनुष्य जुन्यांचे दाखले देऊ लागला, तर मात्र सावध व्हावे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही ते अभंग रचत राहिले, कीर्तने करीत राहिले, तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत राहिले, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यांची भाषा परकी वाटली नाही. ही रीत धोक्याची आहे. आपले बोलणे समोरच्याला कळू लागले तर तो उत्तर देऊ लागतो, आणि उत्तर आले म्हणजे ते ऐकून घेण्याचा प्रसंग ओढवतो. ऐकण्यास तत्पर, बोलण्यास मंद असावे, असे बायबलातल्या आपल्या पत्रात याकोबाने लिहिले खरे. पण त्याला ग्रामसभेत दोनच मिनिटे मिळत नव्हती.

शेवटी मोजणी झालीच. तिची फी त्या कास्तकाराने भरली, ही गोष्ट आपण कोठेही बोलू नये. भूकरमापकाने खुणा दाखवल्या तेव्हा धुरा मूळ जागीच निघाला आणि आमच्या तारेच्या कुंपणाचे तीन खांब मात्र त्याच्या वावरात निघाले. अशा वेळी गडबडून न जाता, त्या माणसाला आम्ही ख्रिस्ताच्या नावाने क्षमा केली आहे, असे जाहीर करावे. आम्ही ते पुढच्याच रविवारी केले. मोजणीचा नकाशा मी बायबलात, कुसळ-मुसळाच्या पानाशी घडी घालून ठेवला आहे. गेल्या जानेवारीत आमच्या एका आजीला माती द्यायची होती, जमीन दगडासारखी झाली होती, तेव्हा सब्बल आणि पावडे नेहमीप्रमाणे त्याच्याच घरून आले. तीन खांब अजून त्याच्या वावरात उभे आहेत, आणि तो डवरणी करताना बैल त्यांना वळसा घालून नेतो.