तक्रार ज्यांची, निवड त्यांची

रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पहिलं वाचन बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायातलं होतं. लहानपणापासून ऐकत आलोय, पण यंदा त्यातलं भांडण मनातून जाईना. येरुशलेममधल्या पहिल्यावहिल्या ख्रिस्ती समूहात रोज अन्नवाटप व्हायचं. ग्रीक बोलणारे कुरकुर करू लागले, आमच्या विधवांना डावललं जातंय. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, त्यांना गप्प बसवलं नाही. सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, तुमच्यातले सात जण तुम्हीच निवडा. स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर... सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे तक्रार ज्यांची होती, वाटपही बहुधा त्यांच्याच हाती गेलं!

लोकशाहीबद्दल ख्रिस्ती माणसाला बायबलमधून काही शिकायचं असेल, तर मला वाटतं ते इथे आहे. ‘आपला माणूस’ निवडून आणण्यात नाही.

आम्हा वसईकरांना हे परकं नाही. १९८८ च्या सुमारास वसईची हिरवी जमीन बांधकामाला खुली करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई संरक्षण समिती’ घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांच्यासोबत सगळ्या धर्मांचे शेतकरी, बागायतदार होते. पुढे २००९ मध्ये वसई-विरार महापालिका आली, तेव्हा गावं म्हणाली, आमची ग्रामपंचायत आम्हाला राहू द्या. पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या पत्रात हेच तत्त्व मांडलंय: लहान समूहाला जे स्वतः करता येतं, ते मोठ्या संस्थेने हिरावून घेणं अन्याय आहे. मी त्या विरोधाच्या बाजूचा होतो, आजही आहे.

पण एक गोष्ट मला छळते. जी ग्रामसभा वाचवायला आम्ही निघालो, तिला आम्ही किती वेळा गेलो होतो? गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी ती पुरते. तेवढेही जमत नसत. सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मोर्चाला हजारो, मिस्सेला चर्च तुडुंब, सभेला मोजकी डोकी. फादर बोलतील, फादर बघतील, या भरवशावर आम्ही राहिलो. २०२४ च्या जुलैत फादर गेले. त्यांच्या माघारी हे काम कोणी करायचं, यावर आम्ही एकत्र बसून कधी बोललोच नाही.

दरम्यान महापालिकेची मुदत २०२० च्या जूनमध्ये संपली आणि नवे नगरसेवक यायला २०२६ उजाडलं. साडेपाच वर्षं नगरसेवकच नाहीत, आणि आम्हाला त्याची सवय लागायलाही फारसा वेळ लागला नाही. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातेय. गावाच्या हक्काबद्दल बोलताना आपण वाडीपलीकडच्या चाळीतल्या माणसांना ‘बाहेरचे’ म्हणतो. २०१८ च्या जुलैत पाणी भरलं, तेव्हा ते आपल्या अंगणात शिरलं आणि त्यांच्या खोल्यांतही. बावखलं, म्हणजे आपल्याकडची छोटी तळी, बुजली, ओढे अरुंद झाले, त्याचा फटका दोघांनाही बसला. मग सभा बोलावताना त्यांना निरोप का जात नाही? येरुशलेममधले ग्रीक बोलणारेसुद्धा तिथल्या जुन्या लोकांना उपरेच वाटत असणार.

शहरांसाठी कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे ग्रामसभेसारख्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे. ती आपोआप भरणार नाही, मागावी लागेल. येत्या रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर मी चर्चच्या आवाराबाहेर थांबतोय. सोबत आपल्या आळीतल्या उरलेल्या बावखलांची यादी असेल आणि क्षेत्रसभा भरवण्याच्या मागणीचा अर्ज असेल. त्याआधी शनिवारी संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या चाळीत जाणार आहे. तिथल्या बायका पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून मुलांना शाळेत नेतात, नाल्याबद्दल त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. अर्जावर पहिली सही त्यांची घ्यायची आहे. कोणी सोबत येत असेल तर सहा वाजता नाक्यावर भेटा.