वरची ट्यूब, खालची ट्यूब: ओटीएलवरच्या आक्षेपाला उत्तर

कमेंट नीट वाचली, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ज्युलियस फटरमनच्या ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) ट्यूब अँपमधे स्पीकर चालवणाऱ्या दोन ट्यूब एकावर एक असतात, त्यातली वरची कॅथोड फॉलोअर (आउटपुट कॅथोडवरून देणारी) आणि खालची साधी कॉमन कॅथोड (आउटपुट प्लेटवरून देणारी), दोघींचं वागणं वेगळं, म्हणून ती आउटपुट स्टेज मुळातच लंगडी आणि सर्क्लोट्रॉन (दोन्ही ट्यूब सारख्याच पद्धतीने जोडलेली मांडणी) हाच एकमेव बरोबर मार्ग. मला हे अजिबात पटत नाही.

ट्यूबला आपण वर आहोत की खाली हे कळत नसतं हो, तिला कळतं ते फक्त स्वतःच्या कॅथोडपासून ग्रिडवर (सिग्नल जातो त्या टोकावर) आणि प्लेटवर किती व्होल्ट आहेत तेवढंच. वरची ट्यूब फॉलोअर होते ती तिच्या ग्रिडला सिग्नल ग्राउंडच्या हिशोबाने दिला तर. तोच सिग्नल तिच्या कॅथोडच्या, म्हणजे आउटपुटच्या हिशोबाने दिला की ती खालचीसारखीच वागते. फटरमनच्या 1956 च्या पेटंटमधली खरी करामत हीच आहे, आउटपुट फेज स्प्लिटरकडे (एका सिग्नलचे दोन उलटसुलट सिग्नल करणाऱ्या भागाकडे) परत नेऊन दोघींना सारखा ड्राइव्ह, म्हणजे ग्रिड ते कॅथोड सिग्नल, मिळवणं. सर्किट बघताना सगळ्यांचं लक्ष आउटपुट ट्यूबवर, आणि स्प्लिटरच्या रेझिस्टरचं टोक कुठे जातं तिकडे कोणी बघतच नाही, घोळ तिथेच होतो.

आकडे घ्या. समजा स्प्लिटर ग्राउंडलाच बांधलाय आणि दोन्ही ग्रिडना पीक 60 व्होल्ट देतोय. 8 ओहमवर 10 वॉट म्हणजे स्पीकरवर पीक साधारण 12.6 व्होल्ट, ते वरचीच्या ड्राइव्हमधून वजा होतात, तिला उरतात 47 आणि खालचीला पूर्ण 60. फरक आहे, डिस्टॉर्शन वाढणार, मान्य. पण तेच 10 वॉट 800 ओहमवर काढा (फिलिप्सने 50 च्या दशकात असे स्पीकर खरंच बनवले होते, ईएल86 ट्यूबच्या जोडीसाठी), करंट 1.6 अँपिअरवरून 0.16 वर येतो पण व्होल्टेज होतो 126, मग 60 व्होल्टचा ड्राइव्ह वरचीला पुरणारच नाही. म्हणजे तुमचा आक्षेप जिथे सगळ्यात जास्त लागू पडतो ती स्टेज वेगळीच आहे, आणि तिथेही दोष ड्राइव्हचा, ट्यूबच्या जागेचा नाही.

उलट सर्क्लोट्रॉनचा जो खरा फायदा आहे तो तुम्ही लिहिलाच नाहीत! 6एएस7 ट्यूब घ्या, तिच्या एका सेक्शनचा प्लेट रेझिस्टन्स (आतला रेझिस्टन्स) 280 ओहम, म्यू (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) फक्त 2. सारखा ड्राइव्ह असलेल्या टोटेम पोलमधे (फटरमनसारख्या एकावर एक मांडणीत) एका जोडीचा आउटपुट इम्पीडन्स (स्पीकरला दिसणारा अँपचा रेझिस्टन्स, कमी तितका बरा) 140 ओहम, सर्क्लोट्रॉनमधे 70. चार जोड्या लावल्या तर 35 आणि 17.5. हा फरक मोठा आहे आणि त्यासाठी चॅनलमागे दोन फ्लोटिंग (ग्राउंडला न बांधलेले) सप्लाय बनवायची मेहनत मला पटते. पण 17.5 सुद्धा 8 ओहमच्या स्पीकरसाठी जास्तच, त्यामुळे "फटरमनला फीडबॅक (आउटपुटचा भाग इनपुटला परत देऊन इम्पीडन्स उतरवणं) लागतो, सर्क्लोट्रॉनला नाही" हे वाक्य टिकत नाही, जास्त-कमी एवढंच.

आणि तुमच्याकडे टोटेम पोल अँप असेल तर स्वतःच मोजून बघा, दोन्ही ट्यूबचा ग्रिड ते कॅथोड सिग्नल ऑसिलोस्कोपवर शेजारी शेजारी. फक्त वरचीच्या कॅथोडला स्कोपची ग्राउंड क्लिप चुकूनही लावू नका, आउटपुटला कपॅसिटर असलेल्या अँपमधे तिथे सप्लायच्या जवळपास निम्मे व्होल्ट असतात आणि ते थेट ग्राउंडला शॉर्ट होतील. दोन प्रोब घ्या, एक ग्रिडवर, एक कॅथोडवर, आणि स्कोपवरच वजाबाकी करा. काय दिसलं ते इथे नक्की लिहा.