मेलेल्या कावळ्याची नोंद कोण करतं?

प्राण्यांकडून माणसांत येणारा एखादा आजार पुढे कुठे पसरेल, बाहेरून आलेला डास, बेडूक किंवा तण आणखी दहा वर्षांत कुठवर पोचेल, याचे रंगीत नकाशे हल्ली सारखे शेअर होतात. लाल, केशरी, पिवळा, हिरवा. आपला भाग लाल दिसला की लोक घाबरतात, हिरवा दिसला की पुढे स्क्रोल करतात. अशा नकाशांसाठी लागणाऱ्या नोंदी तपासून, साफ करून देणं हे माझं रोजचं काम. मला आज त्या हिरव्या रंगाबद्दल लिहायचं आहे. त्यातल्या बऱ्याच हिरव्या जागा अशा असतात, जिथे कुणी कधी जाऊन पाहिलेलंच नसतं.

एखाद्या प्रजातीच्या सगळ्या नोंदी मी कोऱ्या नकाशावर टाकते. त्या नकाशावर रस्ते नसतात, शहरं नसतात, फक्त देशाची बाह्यरेषा असते. काही हजार ठिपके पडले की त्यांच्यातून रस्ते उमटायला लागतात. गाडी जिथवर जाते तिथवर नोंदी, त्यापलीकडे काही नाही. विद्यापीठ असलेल्या गावाभोवती ठिपक्यांचा दाट पुंजका. मग एकाच बिंदूवर शेकडो नोंदी रचलेल्या सापडतात. गाव माहीत नव्हतं, जिल्हा तेवढा माहीत होता, म्हणून कुणीतरी जिल्ह्याचा मध्यबिंदू टाकून मोकळं झालेलं असतं. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली की गोचीड भर समुद्रात दिसते. दोन्ही रकान्यांत शून्य पडलं तर ती थेट आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जाते.

हे सगळं निस्तरल्यावर कॉम्प्युटरचं काम सुरू होतं. प्रजाती जिथे सापडली तिथलं तापमान, पाऊस, झाडोरा, जनावरांची संख्या तो शिकतो आणि तशाच जागा इतरत्र शोधतो. अडचण अशी की 'सापडली' याच्या नोंदी असतात, 'शोधली पण सापडली नाही' याच्या जवळपास कुणीच ठेवत नाही. म्हणून तुलनेसाठी कॉम्प्युटरमधलं हे गणित, म्हणजे मॉडेल, उरलेल्या नकाशावरून कुठलेही बिंदू उचलतं. नोंदी रस्त्याकडेच्याच असतील, तर ते रस्त्याकडेचं हवापाणी शिकतं आणि आतल्या डोंगराला 'अयोग्य' ठरवून हिरवा रंग देतं. यावर उपाय आहेत. तुलनेचे बिंदूसुद्धा लोक जिथे फिरले तिथूनच उचलता येतात. पण आधी त्या रिकाम्या डोंगराकडे कुणाचं तरी लक्ष जावं लागतं.

मी भाकितांच्या विरोधात नाही. उलट, त्यांची ताकद मी मानते. पूर्व आफ्रिकेतल्या रिफ्ट व्हॅली फीव्हरचंच बघा. १९३१ साली केनियात मेंढ्यांमध्ये ओळखलेला हा विषाणूजन्य ताप. तिथल्या गवताळ प्रदेशातल्या उथळ खोलगट जागांमध्ये एडिस जातीचे डास ओलसर मातीत अंडी घालतात. विषाणू मादीकडून अंड्यांत उतरतो आणि ती अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं तग धरून राहतात. अतिवृष्टी झाली, खोलगट जागा पाण्याने भरल्या की डास बाहेर पडतात तेच मुळी विषाणू घेऊन. मग गाईगुरं, शेळ्यामेंढ्या गाभडू लागतात. इतर डास तो विषाणू पुढे नेतात. आजारी जनावर कापणाऱ्या, त्याचं वेत काढणाऱ्या माणसांना लागण होते. प्रशांत महासागरात एल निनो असताना हिंदी महासागराचा पश्चिम भागही तापला की पूर्व आफ्रिकेत असा पाऊस पडतो, आणि तो पडल्यावर उगवलेलं हिरवं गवत उपग्रहातून दिसतं. एवढ्या धाग्यांवरून साथ काही महिने आधी ओळखता येईल, असं संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिलं.

आणि तसं झालंही. २००६ च्या सप्टेंबरपासून नासाशी संबंधित शास्त्रज्ञांच्या गटाने धोक्याचे इशारे दिले. डिसेंबरमध्ये केनियाच्या ईशान्येला गारिसा भागात रुग्ण निघाले, तेही नकाशात दाखवलेल्या पट्ट्यात. विज्ञानाच्या बाजूने हे लखलखीत यश होतं. पण जनावरांचं लसीकरण सुरू व्हायला जानेवारी उजाडला. एकट्या केनियात दीडशेहून जास्त माणसं दगावली.

मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती नंतर बाहेर आलेली गोष्ट. साथ ओसरल्यावर संशोधक तिथल्या सोमाली पशुपालकांबरोबर बसले. आधी धो धो पाऊस, मग कधी न पाहिलेले डासांचे थवे, मग शेळ्यामेंढ्यांचं गाभडणं, हा सगळा क्रम त्या लोकांना नीट माहीत होता. आजारासाठी त्यांच्या भाषेत शब्दही होता. पहिलं जनावर आजारी पडल्यापासून पशुवैद्यकीय मदत पोचेपर्यंत मात्र आठवडेच्या आठवडे गेले. उपग्रहाला गवत दिसलं होतं, गुराख्याला मेलेलं करडू दिसलं होतं, आणि दोघांचं म्हणणं एकत्र ऐकणारं कुणी नव्हतं.

हे गरीब देशांतच होतं असं समजू नका. १९९९ चा उन्हाळा, न्यूयॉर्क. क्वीन्स भागात कावळे मरून पडत होते. ऑगस्टमध्ये तिथल्या एका रुग्णालयात मेंदूज्वराचे रुग्ण आले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला 'सेंट लुईस एन्सेफलायटिस' (डासांमुळे होणारा मेंदूज्वराचा एक प्रकार) असं निदान जाहीर झालं. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात पशुरोगतज्ज्ञ असलेल्या ट्रेसी मॅकनमारा यांना ते पटेना. त्यांच्याकडे रोहित आणि पाणकावळे मरत होते, आणि सेंट लुईसचा विषाणू सहसा पक्ष्यांना मारत नाही. घोड्यांच्या मेंदूज्वराचा विषाणू म्हणावा, तर त्याला चटकन बळी पडणारे एमू ठणठणीत होते. म्हणजे हे काहीतरी तिसरंच होतं. माणसांच्या आजाराची यंत्रणा वेगळी, प्राण्यांची वेगळी, आणि मॅकनमारांना आपलं म्हणणं पोचवायला अक्षरशः दारं ठोठावावी लागली. सप्टेंबर संपता संपता उत्तर मिळालं, वेस्ट नाईल विषाणू. अमेरिका खंडात तो त्याआधी कधीच सापडला नव्हता. त्या वर्षी ७ माणसं गेली आणि पुढच्या पाचेक वर्षांत विषाणू पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचला.

त्यानंतर मात्र न्यूयॉर्क राज्याने एक चांगली गोष्ट केली. मेलेला कावळा दिसला तर कळवा, असं लोकांना सांगितलं. या विषाणूची लागण झालेले अमेरिकी कावळे बहुतेक मरतातच. त्यामुळे एखाद्या भागात मेलेल्या कावळ्यांचे फोन वाढले की तिथे लवकरच माणसंही आजारी पडू शकतात, हे कळायला लागलं. फोन करणाऱ्या त्या लोकांना मॉडेल वगैरे काही ठाऊक असण्याची गरज नव्हती.

पसरणाऱ्या प्रजातींच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. मॉडेल धरून चालतं की प्राणी आहे तसाच राहणार. ऑस्ट्रेलियात १९३५ साली उसावरचे भुंगेरे खाण्यासाठी आणलेले केन टोड जातीचे बेडूक सुरुवातीला वर्षाला साधारण १० किलोमीटर सरकत होते, पुढे ५० किलोमीटरहून जास्त सरकू लागले. आघाडीवरच्या बेडकांचे पाय मागच्यांपेक्षा लांब असल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळ्यात पुढे पोचतात ते लांब उड्या मारणारे, त्यांची वीणही आपसातच होते. १९३५ चं कुठलंही गणित हा वेग सांगू शकलं नसतं. तो फक्त आघाडीवर जाऊन मोजता येतो.

तसाच स्टीफेन्साय हा डास. मूळचा आशियातला, शहरातल्या पाण्याच्या टाक्यांत वाढणारा, मलेरिया पसरवणारा. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यांचा आजार मानला जायचा. २०१२ साली हा डास जिबूतीत सापडला. त्या वर्षी त्या देशात मलेरियाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ७३ हजारांहून जास्त. वाढीमागे इतर कारणंही असतील, पण या डासाकडे बोट दाखवल्याशिवाय ती समजत नाही. तो आफ्रिकेतल्या शहरांत पसरला तर १२.६ कोटी लोक धोक्यात येतील, असा नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा नकाशाचा मला खरा उपयोग वाटतो तो पुढे कुठे शोधायचं हे ठरवण्यासाठी. या शहरांतल्या टाक्यांची झाकणं उघडून बघा, अळ्या मिळाल्या तर लिहा, नाही मिळाल्या तर तेही लिहा. ती 'नाही'ची नोंद माझ्यासारखीला सोन्यासारखी असते.

पण नोंद करणाऱ्याला आपण काय देतो? कोंबड्या मरायला लागल्याचं कळवणाऱ्याच्या सगळ्या कोंबड्या मारल्या जातात. ते करावंच लागतं, मान्य. पण भरपाई वर्षभर अडकली, तर त्याचा शेजारी पुढच्या वेळी आजारी पक्षी रातोरात विकून टाकणार आणि तपासनिसाला काही सांगणार नाही. नकाशावर ती जागा हिरवी राहील. मेलेलं माकड कळवणाऱ्या वनरक्षकाला नमुन्याचा निकाल कधीच सांगितला जात नसेल, तर तिसऱ्यांदा तो कशाला कळवेल? मॉडेलसाठी निधी मिळतो, मॉडेलवर शोधनिबंध होतात. भरपाईच्या फायलीवर वेळेत सही झाली याचा शोधनिबंध होत नाही, म्हणून तिकडे कुणी बघत नाही. माझ्या मते नकाशाची अचूकता वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग ती सही हाच आहे.

आणि नकाशे करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. जिथून नोंदच नाही तिथे हिरवा रंग देऊ नका, राखाडी द्या. नकाशा थोडा कुरूप दिसेल, अर्धा राखाडी निघाला तर निधी देणारे प्रश्नही विचारतील. विचारू देत. त्याच राखाडी भागात पुढच्या हंगामात माणसं पाठवायला पैसे मागा.