नव्वद दिवसांत नवी बीजं? मावशीच्या मेसेजला उत्तर

‘नव्वद दिवस आहार बदला, गर्भ राहणारच!’ हा मेसेज मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवला आणि चारही वेळा मी तो न वाचता पुसला. मग कळलं, मावशीने तो स्वतःच्या लेकीलाही धाडलाय आणि ती, वय ३६, गेले पाच महिने तो इमानेइतबारे पाळतेय. फ्रिजवर त्याची छापील प्रत चिकटवलेली. रोजच्या चौकटीत पेन्सिलीची खूण. पहिली नव्वदी फुकट गेली तेव्हा तिने खुणा खोडल्या आणि त्याच कागदावर दुसरी सुरू केली. खोडून खोडून कागद मधोमध विरलाय. तो पाहिला आणि लिहायला बसले.

‘नव्वद दिवसांत स्त्रीच्या शरीरात नवी, ताजी बीजं तयार होतात.’ नाही होत. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात आणि पुढे नुसता खर्च, जमा शून्य. छत्तीस वर्षांच्या बाईचं बीज छत्तीस वर्षांचंच असतं, मग ताटात काहीही वाढा. यात अर्धं खरं इतकंच की, सुटणाऱ्या बीजाभोवतीच्या कोशाची शेवटची वाढ साधारण तीन महिने चालते, तेव्हा त्या काळातली तब्येत अगदीच बिनमहत्त्वाची नाही. ठीक. पण वाढ वेगळी आणि नवी निर्मिती वेगळी.

खरी मेख पुढे आहे. दर तीन महिन्यांनी नवा माल खरोखर तयार होतो, तो पुरुषाकडे. शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडायच्या वाटेवर आणखी काही. म्हणजे नव्वदीचा हिशोब ज्याला लागू पडतो, त्याच्यासाठी या लांबलचक मेसेजमध्ये ओळ किती? एक. ‘पतीने सहकार्य करावे.’ त्याच्या सिगारेटबद्दल अवाक्षर नाही, दारूबद्दल नाही, दंड फुगवायला जिममध्ये घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडबद्दल तर नाहीच. या स्टेरॉइडने शुक्राणूंची निर्मिती चक्क बंद पडू शकते. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. पण फ्रिजवरचा कागद बायकोचा, खुणा बायकोने करायच्या, आणि नाही राहिलं तर चुकलं कोणाचं? तिचंच, मधे एक दिवस गोड खाल्लं होतं म्हणे.

‘शरीर अल्कलाइन करा.’ म्हणजे आम्लपणा घटवा. रक्ताचा पीएच (आम्लपणा मोजायचं माप) ७.३५ ते ७.४५ च्या आत ठेवायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस राबतात. जेवणाने बदलते ती लघवी. योनीमार्ग तर आम्लच असायला हवा, संसर्ग त्यानेच दूर राहतो, आणि बीज सुटायच्या सुमारास गर्भाशयाच्या मुखाशी शुक्राणूंना सोयीचा स्राव आपसूक येतो.

आता ज्या ओळीने माझं डोकं फिरलं ती: ‘या काळात सर्व गोळ्या बंद, तपासण्या बंद. त्याने मनावर ताण येतो.’ मावसबहिणीला थायरॉइड कमी असल्याची गोळी चालू होती. होती! ड्रॉवर उघडला तर पाकिटं तशीच्या तशी, एकही गोळी फोडलेली नाही. थायरॉइड कमी राहिलं की बीज सुटण्यात अडथळा येऊ शकतो, गर्भपाताचा धोका वाढतो, आणि सुरुवातीचे साधारण तीन महिने बाळ आईच्याच थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असतं. ज्यासाठी एवढा आटापिटा, त्याच्याच मुळावर ही ओळ उठलीय. ‘सर्व गोळ्या’त फॉलिक अॅसिडही आलं. ते रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायचं असतं, कारण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो.

आणि तपासण्या बंद? पस्तिशीच्या आत वर्षभर वाट पाहावी, पस्तिशीनंतर सहा महिनेच, हा डॉक्टरांचा साधा नियम आहे. पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबायचं नाही. बंद झालेल्या गर्भनलिका कुठल्याही आहाराने उघडत नाहीत. दोन नव्वद्या म्हणजे सहा महिने, तिच्या वयाला वाट पाहायची सगळी मुदत.

गंमत म्हणजे सगळ्या गोळ्या बंद करायला लावणाऱ्या या मेसेजच्या तळाशी जस्ताच्या (झिंकच्या) कॅप्सूलची लिंक आहे. ‘पतीसाठी’. (बघा, विकायच्या वेळी पती आठवला.) जस्ताची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठा प्रयोग झाला, २०२० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड, उरलेल्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी. मूल झालं किती जणांना? खरी गोळी घेणाऱ्यांत ३४ टक्के, पोकळ गोळीवाल्यांत ३५. वीर्याची प्रतही सुधारली नाही. पोटाच्या तक्रारी मात्र खऱ्या गोळीवाल्यांत जास्त. लिंकवर बोट ठेवण्याआधी हे दोन आकडे शेजारी लिहून बघा.

संबंधानंतर पाय भिंतीला टेकवून अर्धा तास पडून राहा, हा पुढचा मुद्दा. आराम वाटत असेल तर पडा, दिवस त्यामुळे जात नाहीत. त्यापेक्षा बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, हे सहा दिवस कामाचे आहेत एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

वजनाचा मुद्दा मात्र मान्य, नाइलाजाने. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने बीज नीट न सुटण्याचा त्रास) आणि वजन जास्त असलेल्या बाईचं वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी कित्येकदा बीज सुटू लागतं. पण फार बारीक असण्यानेही पाळी रुसते, ते मेसेजमध्ये नाही. मावसबहीण मुळात सडपातळ, या आहारावर आणखी पाच किलो उतरली, आणि त्यावर मावशीचा अंगठा: ‘छान!’

मावशी, तुझ्यावर राग नाही गं. पण तिची गोळी डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झालीय, रक्ताची तपासणी सोमवारी आहे. जावईबापूही वीर्यतपासणीला जाणार आहेत. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, एवढंच त्यांचं पथ्य. त्यांना तेवढं फोन करून आठवण कर.